कॅन्सरचा नकाशा : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

एखादा कॅन्सर एका भागात जास्त आणि शेजारच्या भागात कमी का दिसतो, या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या गावाची लोकसंख्या चार हजार. दहा वर्षांत कॅन्सरचे १९ रुग्ण झाले. यादी केली आहे : स्तनाचा ५, तोंडाचा ४, गर्भाशयमुखाचा ३, फुफ्फुसाचा २ आणि बाकीचे ५ वेगवेगळे. पाण्यातच काहीतरी आहे, असे सगळे म्हणतात. पुढे काय करावे?

आधी हिशेब करू. गावाची लोकसंख्या वयोगटांत विभागा आणि प्रत्येक गटाला दहाने गुणा, म्हणजे ‘व्यक्ती-वर्षे’ मिळतील. मग तुमच्या भागासारख्या एखाद्या कॅन्सर नोंदणी क्षेत्राचे, म्हणजे जिथे प्रत्येक नवा रुग्ण नोंदला जातो अशा भागाचे, त्या त्या वयोगटाचे दर घ्या. पुढचे आकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत.

० ते ३४ वयाचे २,२०० लोक, म्हणजे २२,००० व्यक्ती-वर्षे. दर लाखाला ८. अपेक्षित रुग्ण १.८. ३५ ते ५४ वयाचे १,०००, दर ९०, अपेक्षित ९. ५५ ते ६४ वयाचे ४००, दर २२०, अपेक्षित ८.८. ६५ आणि त्यापुढचे ४००, दर ४००, अपेक्षित १६. एकूण अपेक्षित ३५.६.

तुमच्याकडे आहेत १९. १९ भागिले ३५.६ म्हणजे ०.५३. यादी पुरी धरली तर तुमच्या गावात कॅन्सर जवळपास निम्माच आहे! हे आम्हाला पटत नाही. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे घेतलेले दर शहरी नोंदणीचे असतील. ते ग्रामीण भागापेक्षा बहुधा जास्त असतात, त्यामुळे अपेक्षित आकडा फुगतो. दुसरी शक्यता अधिक मोठी : आठवणीने केलेल्या यादीतून माणसे सुटतात. निदान न होताच गेलेले वृद्ध, उपचारासाठी मुलाकडे जाऊन तिकडेच राहिलेले, घरच्यांनी आजाराचे नाव न सांगितलेले. गेल्या दोन-तीन वर्षांतले रुग्ण सगळ्यांना आठवतात, आठ वर्षांपूर्वीचे आठवत नाहीत. म्हणून अशा यादीत रोग ‘अलीकडे वाढला’ असेही हटकून दिसते.

आता प्रकारांकडे पाहा. एखादे विषारी द्रव्य सहसा ठरावीक अवयवांवरच घाव घालते. पाण्यातील आर्सेनिकने त्वचा, मूत्राशय आणि फुफ्फुस यांचे कॅन्सर वाढतात. ॲस्बेस्टॉसने फुफ्फुसाचा आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा, म्हणजे मेसोथेलिओमा. तुमच्या यादीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, त्याच्या मुळाशी एचपीव्ही विषाणू असतो. तोंडाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा तंबाखू असतो. वेगवेगळ्या कारणांचे आणि मुळातच जास्त आढळणारे कॅन्सर एकत्र मोजले की एकच कारण शोधण्याला आधार उरत नाही. पाणी जरूर तपासा, आर्सेनिक आणि नायट्रेट पाहाच. पण ते प्यायचे पाणी आहे म्हणून तपासा. त्यात काही सापडले तरी त्याने या यादीचा उलगडा होईलच असे नाही.

खरी शंका कधी घ्यावी? एकच, तोही दुर्मीळ प्रकार पुन्हा पुन्हा दिसला तर. एरवी साठीनंतर होणारा कॅन्सर तिशी-चाळिशीत दिसू लागला तर. किंवा रुग्ण एकाच कामावरचे निघाले तर. बाकी ‘या गल्लीत सहा जण’ अशा तक्रारींत बहुधा आधी रुग्ण दिसलेले असतात आणि मग त्यांच्याभोवती हद्द आखलेली असते. हद्द आणि कालावधी रुग्ण मोजण्याआधी ठरवा, नाहीतर कोणतेही गणित हवे ते उत्तर देईल.

अपेक्षा किती ठेवावी, याचेही सांगतो. अमेरिकेत साधारण वीस वर्षांत झालेल्या अशा ४२८ तपासण्यांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका तपासणीत कधी एकाहून जास्त कॅन्सर होते, अशा एकूण ५६७ बाबतींत विशिष्ट कॅन्सर वाढल्याची शंका होती. वाढ खरी ठरली ७२ बाबतींत, संशयित कारणाशी काहीसा संबंध जुळला तीन बाबतींत, आणि स्पष्ट कारण सापडले फक्त एका तपासणीत.

प्रश्न : अपेक्षित ४ आणि प्रत्यक्ष ८ रुग्ण, म्हणजे दुप्पट. तरीही ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे का सांगतात?

८ हा आकडा योगायोगाने बराच मागेपुढे होऊ शकतो म्हणून. त्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा, म्हणजे योगायोग धरून खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो, ३.४५ ते १५.७६ आहे, ४ ने भागले की गुणोत्तर ०.८६ ते ३.९४. यात १ येतो, म्हणजे ‘काहीच वाढ नाही’ ही शक्यताही शिल्लक राहते. अपेक्षित ४० आणि प्रत्यक्ष ८० असते तर पट तीच, पण मर्यादा १.५९ ते २.४९. तिथे वाढ मान्य करावी लागेल.

मर्यादा एक्सेलमध्ये काढता येतात. काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय वितरणाच्या व्यस्त फंक्शनमध्ये (डाव्या बाजूच्या) ०.०२५ आणि रुग्णसंख्येची दुप्पट हे आकडे घाला, उत्तराचे निम्मे करा. ही खालची मर्यादा. वरच्या मर्यादेसाठी ०.९७५ घ्या, रुग्णसंख्येत १ मिळवून त्याची दुप्पट घ्या आणि पुन्हा निम्मे करा. उजव्या बाजूचे फंक्शन वापरले की दोन्ही मर्यादा उलट येतात. ही चूक फार होते.

मात्र हजार गावे तपासली, तर काहीही कारण नसताना वीसेक गावे या कसोटीवर ‘जास्त’ ठरतीलच. बातमी नेमकी त्या वीसांपैकी एकाची होते.

प्रश्न : एका अहवालात एक जिल्हा पहिल्या क्रमांकावर आहे, दुसऱ्या अहवालात तोच मधे कुठेतरी. दोन्ही सरकारीच. कोणता खरा?

बहुधा एकात साधा दर असेल आणि दुसऱ्यात वयानुसार समायोजित. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा रोग आहे, त्यामुळे जिथे वृद्ध जास्त तिथे रुग्ण जास्त.

दोन जिल्हे घेऊ. दोन्हीकडे वयोगटांचे दर अगदी सारखे : ४० च्या आत लाखाला १५, ४० ते ५९ मध्ये १५०, साठीपुढे ५००. पहिल्या जिल्ह्यात हे तीन वयोगट ५०, २५ आणि २५ टक्के. दुसऱ्यात ७०, २२ आणि ८ टक्के. पहिल्याचा साधा दर येतो १७०, दुसऱ्याचा ८३.५. धोका तोच, दर दुप्पट.

उपाय म्हणजे दोघांना एकाच प्रमाण लोकसंख्येचे, म्हणजे ठरवून घेतलेल्या वयोगटांच्या वाटणीचे, वजन लावणे. जागतिक तुलनेसाठी सर्वांत रुळलेली प्रमाण लोकसंख्या जपानच्या सेगी यांची, १९६० ची, ती १९६६ मध्ये डॉल आणि सहकाऱ्यांनी थोडी बदलली. तिच्यात ४० च्या आत ६८ टक्के, ४० ते ५९ मध्ये २१ आणि साठीपुढे ११ टक्के लोक धरले आहेत. हे वजन लावले की दोन्ही जिल्ह्यांचा दर ९६.७. प्रत्यक्षात तीन नव्हे, पाच-पाच वर्षांचे अठरा गट घ्यायचे. मोठ्या गटांच्या पोटात वयाचा फरक लपून राहतो.

तुलना करताना दोन्ही अहवालांत प्रमाण लोकसंख्या कोणती ते तळटीपेत पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची नवी प्रमाण लोकसंख्या आणि २०१३ ची युरोपीय, या दोन्हींत वृद्धांचे वजन सेगीपेक्षा जास्त आहे. तोच कच्चा आकडा तिथे मोठा दर होऊन येतो. आणि समायोजित दर तुलनेपुरताच वापरावा. रुग्णालयात खाटा किती लागतील हे ठरवायचे तर साधा दर आणि रुग्णांची प्रत्यक्ष संख्याच हवी.

प्रश्न : तालुकावार नकाशा केला. सर्वांत गडद तालुके छोटे निघाले आणि सर्वांत फिके तेही छोटेच. असे कसे?

नकाशा बरोबर आहे, फक्त तो रोगाऐवजी लोकसंख्या दाखवतो आहे. लाखाला ५ दराचा कॅन्सर आणि २,००० वस्तीचे गाव घ्या. वर्षाला अपेक्षित रुग्ण ०.१. बहुतेक वर्षी शून्य, म्हणजे नकाशावर पांढरे. एक रुग्ण आला की दर लाखाला ५०, म्हणजे दहापट, गडद लाल. मोठ्या शहराचा दर असा उड्या मारत नाही, म्हणून शहरे कायम मधल्या रंगात राहतात. अमेरिकेच्या काउंटीवार (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या नकाशात हेच दिसले : सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, दोन्ही टोकांना विरळ वस्तीच्या ग्रामीण काउंटी.

दर किती डळमळीत आहे याचा ढोबळ अंदाज सोपा असतो. १ भागिले रुग्णसंख्येचे वर्गमूळ. १०० रुग्ण असतील तर सुमारे १० टक्के, २५ असतील तर २०, ४ असतील तर ५०. वीसच्या खाली रुग्ण असलेल्या दराला आम्ही तरी रंग देत नाही, रेघा मारून सोडतो.

यावर तीन उपाय आहेत. पाच ते दहा वर्षांचे आकडे एकत्र करा. छोटे शेजारी तालुके जोडा, मात्र दर पाहण्याआधी. किंवा दर ‘आवळा’ : प्रत्यक्ष आणि अपेक्षित, दोन्हींत एकच संख्या मिळवून भागा. ही संख्या सगळ्या तालुक्यांच्या एकूण चढउतारावरून काढतात. इथे ५ धरू. वरच्या गावात प्रत्यक्ष १, अपेक्षित ०.१, कच्चे गुणोत्तर १०, आवळलेले ६ भागिले ५.१, म्हणजे १.१८. शहरात प्रत्यक्ष २४०, अपेक्षित २००; कच्चे १.२, आवळलेले २४५ भागिले २०५, म्हणजे १.१९५. शहर जवळपास हललेच नाही, गाव जागेवर आले. शेजारच्या तालुक्यांचाही आधार घेणारी रीत बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांनी १९९१ मध्ये मांडली. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फुकट करता येते. ठिपक्यांचे पुंजके शोधायचे तर कुलडॉर्फ यांचे सॅटस्कॅन हे सॉफ्टवेअर. त्यात शोधवर्तुळाची कमाल मर्यादा लोकसंख्येच्या ५० टक्के अशी आधीपासून लावलेली असते; ती तशीच ठेवली तर अर्धे राज्य एकच ‘पुंजका’ म्हणून हाती येते. मर्यादा किती ठेवायची ते निकाल पाहण्यापूर्वी ठरवा आणि अहवालात लिहा.

आवळण्याचा तोटाही आहे. तुर्कस्तानातील कप्पाडोशिया भागात कराइन, तुझक्यॉय अशा मोजक्या खेड्यांत मेसोथेलिओमाने अतोनात मृत्यू झाले. तिथल्या दगड-मातीत एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज आहे आणि घरे त्याच दगडाची. मोठ्या प्रदेशाचा नकाशा गुळगुळीत करताना अशी खेडी पुसली जाऊ शकतात. म्हणून कच्च्या आकड्यांचा तक्ता नकाशाशेजारी ठेवा.

रंगांबद्दल एवढेच, की पाच वर्ग पुरेत. प्रत्येक वर्गात सारखेच तालुके येतील असे वर्ग पाडले तर फरक नगण्य असला तरी एक पंचमांश भाग लाल दिसणारच.

प्रश्न : आमच्या रुग्णालयातील दहा वर्षांच्या नोंदींवरून जिल्ह्याचा नकाशा करता येईल का?

रुग्णालयात कोण कुठून येते याचा नकाशा होईल. रोगाचा होणार नाही, कारण दराला लागणारा छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येतून हे रुग्ण आले ती, तुमच्याकडे नाही. रस्ता चांगला असलेला तालुका गडद दिसेल. रेडिएशनची सोय असेल तर गर्भाशयमुखाचा आणि डोक्या-मानेचा कॅन्सर ‘जास्त’ दिसेल.

लोकसंख्याधारित नोंदणीला ठरावीक हद्दीतील प्रत्येक नवा रुग्ण हवा, त्याने उपचार कुठेही घेतलेले असोत. त्यासाठी सर्व रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, रेडिएशन केंद्रे आणि मृत्यूनोंदी चाळाव्या लागतात. प्रत्येक नोंदीत किमान एवढे लागते : नाव, वय, लिंग, नेहमीचा पत्ता, निदानाची तारीख, अवयव, पेशीचा प्रकार आणि निदान कशावरून झाले. अवयव व पेशीप्रकारासाठी आयसीडी-ओ या कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती वापरा.

काय बिघडते? एकच माणूस तीन ठिकाणी तीन स्पेलिंगने येतो आणि तीन रुग्ण होतो. नाव, वय, गाव आणि अवयव हे चारही ताडून पाहावे लागतात. वयात दोन-तीन वर्षांचा फरक सोडून द्यावा लागतो. पत्त्यात नातेवाइकाचे शहरातले घर लिहिलेले असते, त्यामुळे शहराचा दर फुगतो आणि गावाचा खाली जातो. यकृतात पसरलेला दुसरा कॅन्सर ‘यकृताचा कॅन्सर’ म्हणून चढतो. एकाच नावाची दोन गावे असतात. पिनकोडवरून ठिपके टाकले की शेकडो रुग्ण पोस्टाच्या एका बिंदूवर जमा होतात आणि तिथे भलताच पुंजका दिसतो. काही ठिपके समुद्रात पडले, तर अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे झाले आहेत असे समजा.

दर्जा तपासायला दोन आकडे आधी पाहा : सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्यांचे प्रमाण आणि फक्त मृत्यू दाखल्यावरून कळलेल्यांचे प्रमाण. दुसरे जास्त असेल तर जिवंतपणी रुग्ण तुमच्या हातून सुटत आहेत. पहिले शंभर टक्के असेल तरी खूश होऊ नका. मग तुम्ही फक्त पॅथॉलॉजीच्याच नोंदी गोळा केल्या आहेत.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कारखान्यामुळे आज आतड्याचे, फुफ्फुसाचे कॅन्सर वाढू शकतात का?

इतक्या लवकर नाही. घन गाठींच्या कॅन्सरला बहुधा दहा वर्षे आणि त्याहून जास्त लागतात. ॲस्बेस्टॉसनंतर मेसोथेलिओमाला २० ते ५० वर्षे. रक्ताचा कॅन्सर आणि मुलांचा थायरॉइडचा कॅन्सर त्यामानाने लवकर येतात : चेर्नोबिलची दुर्घटना १९८६ ची, मुलांमधील वाढ १९९० च्या सुमारास दिसू लागली.

चिलीच्या अँटोफागास्ता शहराचे उदाहरण याबाबत फार स्पष्ट आहे, कारण तिथे सगळे शहर एकाच नळाचे पाणी पीत होते. १९५८ मध्ये नव्या नद्यांचे पाणी आणले, त्यात आर्सेनिक लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम. आजची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे १०. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र आले आणि पातळी एकदम उतरली. फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू मात्र १९५८ नंतर दहाएक वर्षांनी वाढू लागले आणि १९८६ ते १९९७ च्या दरम्यान शिगेला पोहोचले. म्हणजे पाणी स्वच्छ झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आजच्या रुग्णांसाठी आजचे पाणी तपासण्यातली मेख ही आहे. रुग्णाला ‘कुठे राहता’ विचारण्याऐवजी ‘वीस-तीस वर्षांपूर्वी कुठे राहत होता, पाणी कोणते पीत होता’ हे विचारावे लागते.

कारखान्याच्या आत काम करणाऱ्यांची नोंद मात्र आजपासूनच ठेवायला हवी. वीस वर्षांनी ती नव्याने तयार करता येत नाही.

प्रश्न : एका देशात थायरॉइडचा कॅन्सर पंधरापट झाल्याचे वाचले. असे काय घडले असेल?

तो देश दक्षिण कोरिया. २०११ चा दर १९९३ च्या पंधरापट होता. १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण त्याच भेटीत थोडे पैसे भरून मानेची सोनोग्राफी करून घ्यायची पद्धत पडली. त्रास न देणाऱ्या बारीक गाठी हजारोंनी सापडल्या. थायरॉइडच्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. म्हणून नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा, असे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला वाढला आणि दुसरा हलला नाही, तर आधी तपासण्यांची संख्या विचारा. उलट एखाद्या भागात मृत्यू जास्त आणि नवे रुग्ण कमी असतील, तर निदान उशिरा होते किंवा नोंदणी गळते आहे.

प्रश्न : एवढ्या त्रुटी असतील तर अशा नकाशांतून कधी काही निष्पन्न झाले आहे का?

झाले आहे, पण दर वेळी नकाशानंतर माणसांपर्यंत जावे लागले. अमेरिकेचा काउंटीवार कॅन्सर मृत्यूंचा ॲटलस १९७५ मध्ये आला, १९५० ते १९६९ च्या आकड्यांवर. त्यात दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. आग्नेय भागात स्त्रियांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जास्त. आणि समुद्रकिनाऱ्याच्या काउंटींत पुरुषांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त. पहिल्यासाठी आधी तिथल्या कापडगिरण्यांवर संशय होता. नॉर्थ कॅरोलिनात रुग्ण आणि निरोगी स्त्रिया यांची तुलना केली, तेव्हा १९८१ मध्ये कारण स्पष्ट झाले : तोंडात धरायची तपकीर. धूम्रपान न करणाऱ्या गोऱ्या स्त्रियांत तिने धोका चौपट होता. वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांत गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा धोका पन्नासपटीच्या जवळ. किनाऱ्यावरचे उत्तर निघाले दुसऱ्या महायुद्धातील गोद्यांमध्ये. तिथे जहाजांवर काम केलेल्यांना धोका सुमारे दीडपट होता, ॲस्बेस्टॉसमुळे.

युगांडात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यातील गाठींचा पट्टा आफ्रिकेच्या नकाशावर काढला. तो पाऊस, तापमान आणि उंची यांच्या हद्दीत बसत होता, म्हणजेच मलेरियाच्या. १९६४ मध्ये त्याच गाठींच्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत मूत्रपिंडाचा विकार आणि मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा कॅन्सर हातात हात घालून येत. दोष निघाला गव्हात मिसळणाऱ्या ॲरिस्टोलोकिया तणाच्या बियांचा.

चीनमधील लिन्शियानमध्ये अन्ननलिकेचा कॅन्सर जगात सर्वाधिकांपैकी. तिथे दशकानुदशके संशोधन झाले, सुमारे ३०,००० लोकांवर जीवनसत्त्वे आणि क्षारांची चाचणी झाली, तरी तपकिरीसारखे एकच सरळ कारण हाती आलेले नाही. कुपोषणासह अनेक कारणे गुंतलेली आहेत.

प्रश्न : ज्या देशांत स्निग्ध पदार्थ जास्त खातात तिथे स्तनाचा कॅन्सर जास्त. मग कारण सिद्धच झाले ना?

नाही. देशांच्या सरासरींतील संबंध व्यक्तींना लागू होईलच असे नसते. श्रीमंत देशांत स्निग्ध आहाराबरोबर कमी मुले, उशिरा पहिले बाळंतपण आणि जास्त मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) हेही असते. स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत हा संबंध फारच क्षीण निघाला.

स्थलांतरितांचे अभ्यास इथे जास्त कामाचे. जपानहून हवाई आणि अमेरिकेत गेलेल्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पहिल्याच पिढीत वाढला. जठराचा कॅन्सर सावकाश उतरला, मुलांच्या पिढीत ठळकपणे. वंश तोच, जागा वेगळी, आणि कुठल्या वयातला परिसर महत्त्वाचा याचाही अंदाज त्यातून येतो.

प्रश्न : प्रत्येक रुग्णाच्या घरावर ठिपका टाकून नकाशा संकेतस्थळावर ठेवला तर लोकांना उपयोग होईल ना?

तसे करू नका. हवाई छायाचित्रावर ठिपका टाकला की घर ओळखता येते आणि घरावरून माणूस. वयोगट व प्रकार जोडला की नाव लिहायचीही गरज उरत नाही. प्रसिद्ध करायचे ते तालुका किंवा त्याहून मोठ्या पातळीवर, आणि तक्त्यातल्या कमी रुग्ण असलेल्या चौकटी झाकून. अनेक संस्था पाचच्या खालचा आकडा देत नाहीत. एकच चौकट झाकली तर बेरजेतून वजा करून ती उघडी पडते, म्हणून त्याच ओळीतली आणखी एक झाकावी लागते. ठिपके थोडे इकडेतिकडे सरकवण्याचीही रीत आहे. पण विरळ वस्तीत शंभर मीटर सरकवून काही लपत नाही. तिथे अंतर वस्तीच्या दाटीनुसार वाढवावे लागते. आणि सरकवलेल्या ठिपक्यांवर पुढचे विश्लेषण करू नये. ते मूळ पत्त्यांवरच करायचे, आणि मूळ पत्ते कुलूपबंद ठेवायचे.